प्रश्न विचारायचे नाहीत: डोव्हरच्या जीवशास्त्र वर्गातलं एक मिनिट

१८ जानेवारी २००५. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात यॉर्क काउंटीमधल्या डोव्हर या छोट्या गावच्या हायस्कूलमध्ये नववीचे जीवशास्त्राचे तास सुरू होते. त्या दिवशी वर्गांवर शिक्षण प्रशासनातले अधिकारी आले आणि त्यांनी चार परिच्छेदांचं एक निवेदन वाचून दाखवलं. वाचायला मिनिटभर लागत असेल. डार्विनचा सिद्धांत हा केवळ सिद्धांत आहे, वस्तुस्थिती नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्या सिद्धांतात पुराव्याअभावी फटी राहिल्या आहेत आणि ‘इंटेलिजंट डिझाइन’ हे जीवसृष्टीच्या उगमाचं वेगळं स्पष्टीकरण आहे, असंही सांगितलं होतं. ज्यांना रस असेल त्यांच्यासाठी ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे इंटेलिजंट डिझाइनवरचं संदर्भपुस्तक शाळेत उपलब्ध होतं. मुलांनी मन खुलं ठेवावं, असा सल्लाही होता. ज्यांना हे ऐकायचं नव्हतं त्यांना बाहेर जाण्याची मुभा होती. शेवटी मुलांना बजावण्यात आलं की या विषयावर आणखी चर्चा होणार नाही आणि तुमचे शिक्षक यावरच्या प्रश्नांना उत्तरं देणार नाहीत.

माझ्या मते प्रकरणाचं मर्म या शेवटच्या सूचनेत आहे. विज्ञानाच्या वर्गात श्रद्धेचं स्थान काय, हा विषय निघाला की आपण लगेच देव विरुद्ध डार्विन अशी कुस्ती लावून देतो. डोव्हरचा खटला नीट वाचला तर ती कुस्ती तिथे जवळपास दिसतच नाही. दिसतं ते असं: विज्ञानाच्या तासाला एक विधान आणलं गेलं आणि त्यावर बोट ठेवायला बंदी घातली गेली. त्या बंदीविरुद्ध जे उभे राहिले, त्यांतले बरेच जण श्रद्धाळू होते.

पुस्तक आणि मंडळ

अमेरिकेत सरकारी शाळांचा कारभार स्थानिक, निवडून आलेलं शालेय मंडळ पाहतं. डोव्हरच्या मंडळात नऊ जण होते, गावातलेच, मानधन न घेता काम करणारे. २००४ मध्ये अ‍ॅलन बॉन्सेल मंडळाचे अध्यक्ष होते आणि बिल बकिंगहॅम अभ्यासक्रम समितीचे प्रमुख. शिक्षकांनी जीवशास्त्रासाठी केनेथ मिलर आणि जोसेफ लेव्हिन यांचं पाठ्यपुस्तक मागितलं होतं. देशभर वापरात असलेलं हे साधं, नेहमीचं पुस्तक. बकिंगहॅम यांचा आक्षेप असा की ते डार्विनवादाने भरलेलं आहे. जून २००४ च्या सभेत ते म्हणाले, दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी क्रुसावर प्राण दिला, त्याच्यासाठी कुणी उभं राहणार नाही का? पुढे कोर्टात हे वाक्य त्यांना फार महागात पडलं.

ऑगस्टमध्ये पाठ्यपुस्तकाची खरेदी मतांच्या बरोबरीवर अडकली. ‘पांडाज’ मिळालं नाही तर तुमचं पुस्तकही मिळणार नाही, अशी बकिंगहॅम यांची अट होती. एका सदस्याने मत बदललं तेव्हा कुठे पाठ्यपुस्तक मंजूर झालं. नंतर ‘पांडाज’च्या साठ प्रती शाळेला ‘देणगी’ म्हणून मिळाल्या, देणारा अनामिक. १८ ऑक्टोबर २००४ ला मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला: डार्विनच्या सिद्धांतातल्या उणिवांची आणि इंटेलिजंट डिझाइनसह इतर सिद्धांतांची विद्यार्थ्यांना जाणीव करून दिली जाईल. विरोधात मत देणाऱ्या कॅरल आणि जेफ ब्राउन या दांपत्याने त्याच रात्री राजीनामे दिले. सहकारी सदस्यांनी आपल्याला ‘तुमचा पुनर्जन्म झाला आहे का’ असं विचारल्याचं कॅरल ब्राउन यांनी सांगितलं. अमेरिकन इव्हँजेलिकल पंथीयांच्या बोलण्यात याचा अर्थ, तुम्ही खरे ख्रिस्ती आहात का. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या सभेत माणसाच्या श्रद्धेचा कस लावला जातो, तेव्हा त्या सभेत विज्ञानाबद्दल काय ठरेल हे सांगायला नको.

मंडळ इतकं आडवळण का घेत होतं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटनला उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला, ते सर्वांना ठाऊक असतं. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्क्रांती शिकवण्यावरची बंदी घटनाबाह्य ठरवली. मग ‘निर्मिती-विज्ञान’ आलं, म्हणजे देवाने सृष्टी निर्माण केली ही बायबलमधली कथा विज्ञान म्हणून मांडणं: बंदी नको, पण दोन्हींना सारखा वेळ द्या. लुइझियानाचा तसा कायदा १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, कारण सरकारने धर्माची पाठराखण करू नये असं अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती सांगते. यानंतर ‘देव’ हा शब्द न उच्चारणारी मांडणी हवी होती. इंटेलिजंट डिझाइन म्हणतं, सजीवांतल्या काही रचना इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की त्या टप्प्याटप्प्याने घडूच शकत नाहीत, म्हणून त्यांच्यामागे बुद्धिमान रचनाकार असला पाहिजे. तो कोण, ते सांगत नाही.

शिक्षकांनी केलेलं काम

मला या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटतात ते डोव्हरचे विज्ञान शिक्षक. ते काही लढवय्ये नव्हते. उत्क्रांतीला ते मोजकाच वेळ देत, माणसाच्या उत्पत्तीला हात लावायचं टाळत. २००२ मध्ये शाळेच्या विज्ञान वर्गात असलेलं, एका विद्यार्थ्याने काढलेलं मानवी उत्क्रांतीचं मोठं चित्र काढून नेऊन जाळण्यात आलं होतं. अशा गावात रोज वर्गावर जायचं असतं तेव्हा माणूस जपून बोलतो. पाठ्यपुस्तक मिळावं म्हणून त्यांनी मंडळाशी बरीच तडजोडही केली, ‘पांडाज’ संदर्भासाठी ठेवायला तयार झाले.

पण निवेदन वाचायची वेळ आली तेव्हा त्यांनी नकार दिला. ६ जानेवारी २००५ च्या पत्रात त्यांनी लिहिलं की इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, जीवशास्त्र नाही, मान्यताप्राप्त वैज्ञानिक सिद्धांत नाही. त्यांनी आधार घेतला तो राज्याच्या शिक्षक आचारसंहितेचा: शिक्षकाने विषयाची जाणूनबुजून चुकीची मांडणी करू नये. संविधान, धर्मस्वातंत्र्य, पुरोगामित्व यांतलं काही त्यांनी पुढे केलं नाही. आम्ही हे वाचलं तर मुलांना वाटेल की हे विज्ञानच आहे, आणि आमचा मुलांशी असलेला विश्वासाचा करार मोडेल, एवढंच म्हणणं. नोकरीवर असलेल्या माणसाने लेखी नकार देणं किती अवघड असतं, हे शाळेत काम केलेल्या कुणालाही कळेल.

त्याआधीच, १४ डिसेंबर २००४ ला, अकरा पालकांनी दावा दाखल केला होता. ‘किट्झमिलर विरुद्ध डोव्हर एरिया स्कूल डिस्ट्रिक्ट’ हे त्याचं नाव. वादींपैकी एक जण पूर्वी डोव्हरच्या शाळेतच भौतिकशास्त्र शिकवत असे, आणि तोच सुट्टीत चर्चच्या बायबल वर्गात मुलांना शिकवत होता. हे मी मुद्दाम नोंदवतो. दावा करणाऱ्यांना गावात नास्तिक ठरवलं जात होतं.

कोर्टात

सुनावणी २६ सप्टेंबर ते ४ नोव्हेंबर २००५ अशी हॅरिसबर्गच्या फेडरल कोर्टात चालली. ज्युरी नव्हती. न्यायाधीश जॉन जोन्स (तिसरे) हे रिपब्लिकन, जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नेमलेले, चर्चला जाणारे. दोन्ही बाजूंनी त्यांना विनंती केली होती की इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान आहे की नाही, याचा निवाडा करा. न्यायाधीशाने विज्ञानाची व्याख्या करावी का, असा आक्षेप नंतर काहींनी घेतला. मला तो पटत नाही. ज्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी तज्ज्ञ आणले, त्याला बगल देणं हेच कर्तव्यात कसूर ठरलं असतं.

पहिले साक्षीदार होते केनेथ मिलर, म्हणजे त्याच पाठ्यपुस्तकाचे लेखक, ब्राउन विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ आणि नियमाने चर्चला जाणारे कॅथलिक. त्यांनी दिलेलं एक उदाहरण प्रत्येक शिक्षकाने वर्गात वापरावं असं आहे. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशींत ४८ गुणसूत्रं असतात, माणसाच्या पेशीत ४६. या सर्वांचा पूर्वज एकच असेल तर माणसाची एक जोडी गेली कुठे? ती नुसती गळून पडली असती तर जीव जगलाच नसता. म्हणजे दोन गुणसूत्रं जोडली गेली असली पाहिजेत. तसं झालं असेल तर खुणा सापडायला हव्यात. गुणसूत्राच्या दोन टोकांना टेलोमिअर नावाची ठरावीक रचना असते. जोड असलेल्या गुणसूत्रात ती मध्यभागीही असली पाहिजे, शिवाय प्रत्येक गुणसूत्रात एकच असणाऱ्या सेंट्रोमिअर या जोडबिंदूच्या जोडीला, निकामी झालेल्या दुसऱ्या सेंट्रोमिअरचे अवशेषही असले पाहिजेत. खुणा सापडल्या नसत्या तर समान पूर्वजाची कल्पना मोठ्या अडचणीत आली असती. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात या दोन्ही खुणा आहेत, अपेक्षित जागी.

डोव्हरच्या निवेदनाने ‘हा तर फक्त सिद्धांत’ असं म्हणून मुलांपासून दडवली ती नेमकी ही गोष्ट. वैज्ञानिक सिद्धांत आधी मान पुढे करतो: अमुक सापडलं नाही तर मी चूक. इंटेलिजंट डिझाइनला अशी मान पुढे करता येत नाही, कारण न दिसणाऱ्या, न सांगितलेल्या रचनाकाराने काहीही केलेलं असू शकतं.

बचाव पक्षाचे मुख्य तज्ज्ञ होते लेहाय विद्यापीठातले जैवरसायनशास्त्रज्ञ मायकल बीही. जिवाणूची शेपटी, रक्त गोठण्याची साखळी आणि प्रतिकारशक्ती ही त्यांची आवडती उदाहरणं: यांतला एक भाग काढला की सगळं थांबतं, म्हणून या गोष्टी हळूहळू घडल्या नसणार. उलटतपासणीत वकील एरिक रॉथ्सचाइल्ड यांनी प्रतिकारशक्तीच्या उत्क्रांतीवरचे ५८ शोधनिबंध, नऊ पुस्तकं आणि पाठ्यपुस्तकांतली प्रकरणं त्यांच्यापुढे ठेवली. हा पुरावा पुरेसा नाही, असं बीही यांचं उत्तर. विज्ञानाची त्यांनी केलेली व्याख्या लावली तर फलज्योतिषही वैज्ञानिक सिद्धांत ठरेल, हे त्यांनी मान्य केलं. इंटेलिजंट डिझाइन किती पटेल हे ऐकणाऱ्याचा देवावर किती विश्वास आहे त्यावर अवलंबून आहे, असंही त्यांचं म्हणणं कोर्टाने नोंदवलं. टेलोमिअर मोजताना, मोजणाऱ्याचा देवावर विश्वास आहे की नाही, याने आकडा बदलत नाही.

मग तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक बार्बरा फॉरेस्ट साक्षीला आल्या. प्रकाशकाकडून मागवलेले ‘पांडाज’चे जुने मसुदे त्यांनी एकापुढे एक मांडले. १९८७ च्या निकालाआधीच्या मसुद्यांत ‘निर्मिती’ या अर्थाचे शब्द होते. निकालानंतर सुमारे दीडशे ठिकाणी त्यांच्या जागी ‘डिझाइन’ बसवलं गेलं होतं, व्याख्या मात्र तीच ठेवून. एके ठिकाणी तर घाईत जुना शब्द अर्धवटच पुसला गेला होता: ‘क्रिएशनिस्ट्स’च्या (निर्मितीवादी) सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं तशीच, मध्ये ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ (डिझाइनचे समर्थक) घुसवलेलं. वैज्ञानिक कल्पना नव्या पुराव्याने बदलतात. ही कल्पना कोर्टाच्या निकालाने बदलली होती, तीही फक्त नावापुरती.

सर्वांत दुःखद भाग मंडळाच्या सदस्यांच्या साक्षींचा. आपण ‘निर्मितीवाद’ हा शब्द वापरलाच नाही, असं बकिंगहॅम यांनी सांगितलं होतं. कोर्टात टीव्हीवरच्या मुलाखतीची चित्रफीत लावली गेली, तीत ते तोच शब्द उच्चारत होते. साठ प्रतींचे पैसे कुणी दिले हे शपथेवर विचारलं असता आधी त्यांनी आणि बॉन्सेल यांनी माहीत नसल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात बकिंगहॅम यांनी आपल्या चर्चमध्ये पैसे गोळा केले होते आणि ८५० डॉलरचा चेक बॉन्सेल यांच्या वडिलांच्या नावे दिला होता. न्यायाधीशांनी बॉन्सेल यांना स्वतः प्रश्न विचारले. श्रद्धेसाठी उभं राहिलेल्या माणसांना त्या श्रद्धेबद्दलच खोटं बोलावं लागलं. त्यांनी सरळ ‘हो, आम्हाला मुलांपर्यंत आमचा देव पोहोचवायचा आहे’ असं म्हटलं असतं तर खटला हरले असते, पण मी त्यांच्याकडे आदराने पाहिलं असतं.

जॉर्जटाउन विद्यापीठातले कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ जॉन हॉट हे पालकांच्या बाजूने साक्षीला आले होते. त्यांनी चहाच्या किटलीचं उदाहरण दिलं. पाणी का उकळतंय? रेणू वेगाने हलताहेत म्हणून, हे एक उत्तर. बायकोने गॅस पेटवला म्हणून, हे दुसरं. मला चहा हवाय म्हणून, हे तिसरं. तिन्ही बरोबर आहेत आणि एकमेकांना खोडत नाहीत. घोटाळा होतो तो रेणूंबद्दल विचारलं असता ‘मला चहा हवाय’ असं उत्तर दिलं की. हॉट यांची तक्रार होती की इंटेलिजंट डिझाइन देवालाच लहान करतं, त्याला विज्ञानाच्या फटींत बसवतं, आणि फट बुजली की त्याची जागा जाते. विज्ञानशिक्षणाचे अभ्यासक ब्रायन ऑल्टर्स यांनी मुलांच्या बाजूने हीच काळजी मांडली: अशा निवेदनाने मुलांना वाटतं की देव किंवा विज्ञान यांपैकी एक निवडलं पाहिजे, आणि शाळेने मुलाला या कोंडीत टाकणं घातक आहे.

निकाल

८ नोव्हेंबरला, सुनावणी संपून चारच दिवसांनी, डोव्हरला मंडळाची निवडणूक झाली. निवडणुकीला उभे असलेले सर्व आठ विद्यमान सदस्य हरले. टीव्हीवरचे धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांनी डोव्हरकरांना सुनावलं की संकट आलं तर आता देवाकडे वळू नका, तुम्ही त्याला गावाबाहेर घालवलं आहे. गावाने देवाला घालवलं नव्हतं. जिंकलेल्या गटाचं म्हणणं होतं की इंटेलिजंट डिझाइनची चर्चा तुलनात्मक धर्म किंवा मानव्यविद्येच्या ऐच्छिक तासाला जरूर व्हावी. ही भूमिका मला अगदी योग्य वाटते, आणि तिच्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. धर्म काय सांगतात, माणसं सृष्टीच्या उगमाच्या कथा का रचतात, हे शाळेत शिकायलाच हवं. त्या तासाला प्रश्न विचारता येतात, मतभेद मांडता येतात.

२० डिसेंबर २००५ ला १३९ पानांचा निकाल आला. इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, ते निर्मितीवादाचंच रूप आहे, आणि मंडळाचं धोरण घटनाबाह्य आहे. मंडळाच्या निर्णयाला न्यायाधीशांनी ‘थक्क करणारा वेडगळपणा’ म्हटलं, तेच वाक्य जगभर गाजलं. त्याहून महत्त्वाचं वाक्य कमी वाचलं गेलं: इंटेलिजंट डिझाइनचे युक्तिवाद खरे असतीलही, त्यावर हे न्यायालय मत देत नाही. म्हणजे देव आहे की नाही, हा प्रश्न कोर्टाने हाती घेतलाच नाही. नंतर न्यायाधीशांना धमक्या आल्या आणि काही काळ संरक्षण द्यावं लागलं. नव्या मंडळाने अपील केलं नाही, त्यामुळे हा निकाल पेनसिल्व्हेनियाच्या मध्य जिल्ह्यापुरताच बंधनकारक राहिला. पालकांच्या वकिलांच्या खर्चापोटी शाळेला सुमारे दहा लाख डॉलर मोजावे लागले. छोट्या गावच्या शाळेसाठी ही रक्कम किती मोठी, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, आणि शाळा-कॉलेजच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून याला ठाम विरोध केला. शिक्षणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी सहकाऱ्याला अशी विधानं न करण्याची सूचना दिली, आणि विषय तिथे थांबला.

पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातलं ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ हे प्रकरण नुसतं ‘आनुवंशिकता’ झालं. दिलेलं कारण धार्मिक नव्हतं, करोनानंतरचा अभ्यासाचा भार कमी करणं हे होतं, आणि बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे असंही सांगितलं गेलं. कुणाचा हेतू काय होता, याबद्दल मी काही म्हणणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी उघड पत्र लिहून हा भाग परत आणण्याची मागणी केली. त्यांची मागणी मला शब्दशः मान्य आहे. दहावीनंतर वाणिज्य, कला, आयटीआय किंवा गणिताकडे जाणाऱ्या मुलाची बारावीच्या जीवशास्त्राशी गाठच पडत नाही. डोव्हरला निदान एक निवेदन वाचलं गेलं, त्यावर दावा करता आला, साक्षी झाल्या, मसुदे उघडे पडले. प्रकरण नुसतं गळलं की वर्गात आक्षेप घ्यायलाही काही उरत नाही.

महाराष्ट्र राज्य मंडळाची गोष्ट वेगळी. २०१८ साली आलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकाचा पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. त्यात अवशेषांगं आहेत, जीवाश्म आहेत, पेरिपॅटस आणि प्लॅटिपस यांसारखे जोडणारे दुवे आहेत. शाळा सुरू होताच, जून-जुलैमध्ये, राज्यभरातले शिक्षक हा पाठ घेतात, आणि कुठल्या तरी बाकावरून प्रश्न येतो: मग देवानं माणूस घडवला, ते खोटं का? पुष्कळदा पोर्शन पुढे सरकवायचा म्हणून तो प्रश्न हसण्यावारी नेला जातो, किंवा ‘परीक्षेत हे लिही, घरी काय मानायचं ते मान’ असं सांगून मिटवला जातो. हसणं आणि मिटवणं, दोन्हींतून मुलाला डोव्हरसारखीच सूचना मिळते. त्यापेक्षा त्या तासाची दहा मिनिटं खर्च करावीत. आजीने सांगितलेल्या गोष्टीवर निकाल देणं हे जीवशास्त्राचं काम नाही, हे मुलाला स्वच्छ सांगावं. मग फळ्यावर दोन आकडे लिहावेत, ४८ आणि ४६, आणि वर्गाला विचारावं: यांचा पूर्वज एक असेल, तर माणसाच्या गुणसूत्रांत आपल्याला काय सापडायला हवं? आणि ते सापडलं नाही, तर आपण काय म्हणायचं?